जुन्या काळातल्या मालिकेवर मत कसं लिहावं: तयारी, पाहण्याचा क्रम आणि नेहमीच्या चुका

नागपुरात धंतोलीतल्या आमच्या घरी महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी दहा-बारा जण जमतात. नुकत्याच पाहिलेल्या एखाद्या ऐतिहासिक किंवा जुन्या काळातल्या मालिकेवर प्रत्येकानं एक पान लिहून आणायचं आणि वाचायचं, एवढाच नियम. ती सगळी पानं मी जपून ठेवली आहेत. बहुतेक पानांत पहिले तीन परिच्छेद कथा सांगण्यात जातात आणि शेवटी ‘वेशभूषा अप्रतिम, संवाद दमदार, अवश्य बघा’ असं येतं. उरलेल्यांत ‘इतिहासाचं वाटोळं केलं’ असं असतं, पण कोणत्या प्रसंगात आणि कशाच्या आधारे म्हणता, ते नसतं.

लिहिणारी माणसं चांगली वाचणारी आहेत. वाचन संपून चहा आला की हीच माणसं मालिकेबद्दल फार नेमकं बोलतात, ‘ती सासू सुनेकडे बघतच नाही, ताटाकडे बघते’ असं. मग पानावर ते का येत नाही? माझ्या मते घोळ लेखणीत नाही, पाहण्याच्या क्रमात आहे. मत लिहायला बसेपर्यंत प्रसंग विसरलेले असतात आणि हाताशी फक्त विशेषणं उरतात. खालचा क्रम आम्ही वापरून पाहिला आहे. यातली एकही पायरी पुढेमागे केली की पान घसरतं.

## १. सुरू करण्याआधी मालिकेचा प्रकार ओळखा

पहिला भाग लावण्याआधी दोन मिनिटं द्या आणि मालिका कोणत्या प्रकारात बसते ते वहीत लिहा.

खऱ्या माणसांची मालिका: ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ (२०१७ ते २०२०) किंवा ब्रिटनच्या राणी एलिझाबेथवरची ‘द क्राऊन’ (२०१६ ते २०२३). इथे ‘असं घडलं का?’ हा प्रश्न रास्त आहे.

खऱ्या काळातली काल्पनिक माणसं: ‘डाउन्टन ॲबी’ (२०१० ते २०१५). यातलं क्रॉली घराणं कुठेच नव्हतं, पण टायटॅनिक बुडालं, पहिलं महायुद्ध झालं, हे खरं. इथे ‘असं घडलं का?’ विचारून उपयोग नाही. ‘त्या काळात, त्या घरात असं घडू शकलं असतं का?’ असं विचारा.

खऱ्या माणसांची बदललेली नावं: ‘शोगुन’ (२०२४). त्यातला तोरानागा म्हणजे मुळात तोकुगावा इएयासू, आणि ब्लॅकथॉर्न म्हणजे १६०० मध्ये जपानला पोचलेला इंग्रज खलाशी विल्यम ॲडम्स. नावं बदलली की लेखकाला मोकळीक मिळते. त्या मोकळिकीचं त्यानं काय केलं, हे बघायचं.

चौथी एक गोष्ट या तिन्ही प्रकारांत मिसळलेली सापडते: अनेक खऱ्या माणसांचं मिळून केलेलं एक पात्र. अणुभट्टीच्या अपघातावरच्या, पाच भागांच्या ‘चेर्नोबिल’मधली (२०१९) उलाना खोम्युक ही शास्त्रज्ञ अशीच आहे. तपासात राबलेल्या अनेक शास्त्रज्ञांची ती एकटी प्रतिनिधी, आणि मालिका शेवटी हे स्वतःच सांगते. आमच्याकडे एकानं ‘या बाईंचा उल्लेख कुठेच सापडत नाही’ म्हणून पानभर तक्रार लिहिली होती. शेवटच्या भागाची शेवटची दोन मिनिटं त्यानं पाहिलीच नव्हती.

सावधान: ‘कथेत काही बदल केले आहेत’ अशा अर्थाची सुरुवातीची सूचना सरकवू नका. मराठी मालिकांत ती काही सेकंदच दिसते, म्हणून तिथे थांबवून वाचा. सूचना आहे म्हणून सगळं माफ होत नाही, पण बनवणाऱ्यानं काय कबूल केलं आहे ते माहीत नसताना आरोप करणं बरोबर नाही.

## २. काळाचा एक कागद करा

एकच कागद. डावीकडे साल, मध्ये घटना, उजवीकडे मुख्य माणसाचं त्या वेळचं वय. हा वयाचा रकाना सगळे वगळतात आणि तोच सर्वांत कामाचा असतो.

थोरल्या माधवरावांचं उदाहरण घ्या. जन्म १७४५. पानिपत १४ जानेवारी १७६१. त्याच वर्षी, सोळाव्या वर्षी पेशवाई. मृत्यू थेऊरला, १८ नोव्हेंबर १७७२, वय सत्तावीस. हा कागद समोर असला की पेशवाईवरची कोणतीही मालिका वेगळी दिसू लागते. निजाम, हैदर, काका रघुनाथराव, आपले नागपूरकर जानोजी भोसले, ही सगळी प्रकरणं अकरा वर्षांत बसवायची आहेत, आणि ज्याच्यावर ती कोसळली तो पोरसवदा होता. पस्तिशीचा नट ती भूमिका करतो तेव्हा काय हरवतं, हे मग तुम्हाला नेमकं सांगता येतं.

तारखांचा घोळ इथेच मिटवा. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं, हे शाळेत शिकलो. पण वर्षअखेरीच्या महिन्यांत, म्हणजे पौषाच्या आसपास जानेवारी लागल्यापासून फाल्गुनापर्यंत, ७९ मिळवावे लागतात. शिवरायांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. ७८ मिळवले तर १६२९ येतं, आणि ते चूक. तारीख आहे १९ फेब्रुवारी १६३०.

दुसरी गाठ युरोपीय कागदांची. पोर्तुगीजांनी सुधारित कॅलेंडर १५८२ मध्येच घेतलं, इंग्रजांनी १७५२ मध्ये. त्यामुळे शिवकाळातल्या एकाच घटनेची गोव्याच्या पत्रातली तारीख आणि सुरतेच्या इंग्रज वखारीतली तारीख यांत दहा दिवसांचं अंतर पडतं. मालिकेत दिसलेली तारीख तुमच्या पुस्तकातल्या तारखेहून बरोबर दहा दिवसांनी वेगळी असेल तर आधी कॅलेंडर बघा.

माहिती कुठे बघायची? मराठी विश्वकोश आणि महाराष्ट्राची गॅझेटियर्स घरबसल्या वाचता येतात. भोसल्यांच्या बाबतीत यादव माधव काळे यांचा ‘नागपूर प्रांताचा इतिहास’ चाळा, शहरातल्या जुन्या वाचनालयांत तो विचारून बघा. वेळ अर्धा तास, फार तर एक तास. प्रबंध लिहायचा नाही. कागद भरून वाहू लागला तर माणूस मालिका बघायची सोडून फक्त चुका मोजत बसतो.

तपासा: कागदावर दहापेक्षा जास्त ओळी झाल्या का? कमी करा.

## ३. कुठे आणि केव्हा बसायचं

ही पायरी क्षुल्लक वाटते, पण माझं एक अख्खं पान याच्यामुळे चुकलं. मे महिन्यातली दुपार, बाहेर पंचेचाळीस अंश, हॉलमध्ये खिडकीचा कूलर पूर्ण वेगात. ‘पात्रं पुटपुटतात, संवाद ऐकूच येत नाहीत’ असं मी एका मालिकेबद्दल लिहिलं आणि बैठकीत वाचलंही. नंतर एका रात्री कूलर बंद करून, कानाला इयरफोन लावून तोच भाग पाहिला. संवाद मुद्दाम हलक्या आवाजात ठेवले होते, कारण त्या प्रसंगात शेजारच्या खोलीत पात्राचे सासरे झोपलेले होते. मी ज्याला दोष म्हटलं तो त्या प्रसंगाचा गाभा होता. पुढच्या बैठकीत मला ते सांगावं लागलं.

उन्हाळ्यात कूलरसमोर बघायचंच असेल तर इयरफोन लावा, किंवा रात्री दहानंतर बघा. खापरीहून सीताबर्डीला येताना मेट्रोत फोनवर पाहिलेला भाग मतासाठी धरू नका, तो घरी पुन्हा लावा. दीडपट वेगानं तर मुळीच बघू नका, कारण जुन्या काळाच्या मालिकेत थांबण्याला अर्थ असतो.

परदेशी मालिका मूळ भाषेत, सबटायटलसह बघा. हिंदी डबिंगमध्ये मालक आणि नोकर यांच्या बोलण्यातला फरक बहुतेकदा सपाट होतो, आणि अशा मालिकांत अर्धी गोष्ट त्या फरकातच असते.

## ४. किती पाहायचं

वेब मालिका आठ-दहा भागांची असते, ती पूर्ण बघा. दोन भागांवर मत लिहू नका.

रोजच्या मालिकेचे शेकडो भाग होतात, सगळे बघणं शक्य नसतं. मग पहिले पाच भाग सलग, मधला एक पूर्ण आठवडा, आणि संपली असेल तर शेवटचा आठवडा. मधला आठवडा प्रोमो बघून निवडू नका. प्रोमोत लढाई किंवा लग्न असतं, त्यामुळे मालिका आहे त्यापेक्षा वेगवान वाटते. ज्या आठवड्यात काहीच मोठं घडत नाही तोच घ्या. साध्या दिवशी मालिका काळ कसा उभा करते, ते तिथे कळतं. आणि पानाच्या सुरुवातीला एका ओळीत लिहून टाका की तुम्ही कोणते भाग पाहिले. वाचणाऱ्याचा तो हक्क आहे.

## ५. पाहताना टिपणं: मत नको, दृश्य हवं

साधी वही, पेन. प्रत्येक नोंदीत तीनच गोष्टी: भाग, मिनिट, काय दिसलं किंवा ऐकू आलं. नोंद अशी:

‘भाग ३, मि. १४. सून उंबऱ्याच्या आत उभी. बाहेर ओटीवर चारी पुरुष. निरोप गड्याच्या तोंडून. सासरा मान वळवत नाही.’

अशी नको: ‘भाग ३, स्त्रियांची घुसमट सुंदर दाखवली.’

दुसऱ्या नोंदीतून आठवड्यानं काहीच परत मिळत नाही. पहिलीतून मत तयार होतं, आणि कदाचित ते ‘घुसमट’पेक्षा वेगळंही निघतं. कदाचित ती सून आत उभी राहून सगळा कारभार हलवते आहे.

सावधान: टिपणं वाढली की डोळे पडद्यावरून उतरतात. एका भागाला पाच-सहा नोंदी पुष्कळ.

## ६. एक प्रसंग निवडा आणि तीनदा पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. बाकी पायऱ्यांत घाई झाली तर चालेल, इथे नको.

मालिका संपली की वही उघडा आणि ज्या नोंदीवर बोट पुन्हा पुन्हा जातं ती निवडा. लढाई, राज्याभिषेक, मृत्यू हे प्रसंग शक्यतो टाळा. त्यांवर संगीत आणि गर्दी इतकी ओतलेली असते की आपलं मत कुठून आलं ते कळत नाही. लहान, घरगुती काम चालू असलेला प्रसंग घ्या.

मी घेतला होता तो ‘डाउन्टन ॲबी’च्या पहिल्याच भागातला. एप्रिल १९१२ ची सकाळ. सकाळची वर्तमानपत्रं आली आहेत आणि खालच्या मजल्यावर नोकर त्यांना इस्त्री करतो आहे. स्वयंपाकघरातली पोरगी डेझी विचारते, हे कशाला? शाई वाळावी म्हणून, नाहीतर मालकांचे हात काळे होतील. तेवढ्यात त्याच पानावर टायटॅनिक बुडाल्याची बातमी दिसते. बातमी खाली कळलेली आहे, वर मालकाला अजून नाही. आणि त्या बातमीत मालकाच्या वारसाचं मरण दडलेलं आहे.

पहिल्यांदा नेहमीसारखा पाहा.

दुसऱ्यांदा आवाज बंद करून पाहा. आता फक्त हात दिसतात. कोण उभं आहे, कोण बसलं आहे, कोणाच्या हातातून वस्तू कोणाच्या हातात जाते. आवाज बंद केल्यावर मला दिसलं की त्या घरात एक साधा कागदही मालकाच्या हातात पोचेपर्यंत किती हातांतून जातो.

तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐका. पार्श्वसंगीत कुठे सुरू होतं, कुठे थांबतं? भांड्यांचे, पावलांचे आवाज ठेवले आहेत की संगीतानं झाकले आहेत? आपल्याकडच्या रोजच्या मालिकांत ही तिसरी फेरी फार शिकवते. एकाच वाक्यावर तीनदा ढोल आणि चार चेहऱ्यांचे क्लोज-अप आले, तर दिग्दर्शकाचा त्या वाक्यावर विश्वास नव्हता असं तुम्ही ठामपणे लिहू शकता.

यानंतर लिहिलेलं वाक्य बघा. आधी माझ्या पानावर होतं: ‘मालक-नोकरांचं नातं मालिकेत छान रेखाटलं आहे.’ तीन फेऱ्यांनंतर: ‘या घरात बातमी आधी नोकरांच्या हाताला लागते आणि मालकाला ती वाळवून, गुळगुळीत करून मिळते. मालिका ही व्यवस्था प्रेमानं दाखवते, इतक्या प्रेमानं की काळे हात कोणाचे झाले हे विचारायचं पुढे ती विसरते.’ दुसऱ्या वाक्याशी तुम्ही भांडू शकता. पहिल्याशी भांडताही येत नाही.

मराठी वाड्यातला प्रसंग निवडला असेल तर एक चक्कर नागपूरच्या महाल या जुन्या वस्तीत मारा. जुन्या वाड्यांच्या दारांची उंची, लाकडी खांब, ओटीपासून माजघरापर्यंतचं अंतर स्वतः बघा. दारातून वाकून जावं लागतं म्हटल्यावर सेटवरच्या मोठ्या कमानीतून ताठ मानेनं येणाऱ्या पात्रांबद्दल तुमच्याकडे सांगण्यासारखं काही असेल. सिव्हिल लाइन्समधला अजब बंगला म्हणजे १८६३ सालचं आपलं मध्यवर्ती संग्रहालय. जुनी शस्त्रं, नाणी, शिलालेख तिथे समोर ठेवून पाहता येतात.

## ७. ‘चूक’ म्हणण्याआधी तिची जात ठरवा

सापडलेल्या चुका तीन टोपल्यांत टाका.

नजरचूक: पेशवाईतल्या बाईच्या पदराला सेफ्टी पिन. तिचं पेटंट अमेरिकेत १८४९ चं. काडेपेटीचंही तसंच, घासून पेटणाऱ्या काड्या इंग्लंडमध्ये विकायला आल्या त्या १८२७ मध्ये. अशा चुका दाखवायला मजा येते, पण पानात एक ओळ पुरे. पिनेवरून अख्खी मालिका नापास करू नका.

सोय: शिवकाळातली पात्रं आजचं पुणेरी प्रमाण मराठी बोलतात. त्या काळच्या दरबारी मराठीत फारसी शब्द इतके होते की महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला. तसंच बोलायचं ठरवलं तर आपल्यालाच सबटायटल लागतील. ही तडजोड आपण सगळ्यांनी मान्य केलेली आहे. मात्र गडी, शिपाई आणि शेतकरी हेही त्याच प्रमाण भाषेत बोलत असतील, किंवा बोलीभाषा फक्त विनोदी पात्रालाच दिली असेल, तर जरूर लिहा. ‘काहून’ आणि ‘करून राहिला’ म्हणणाऱ्या माणसाला मालिकेत गंभीर दुःख का मिळत नाही, हा आपण नागपूरकरांनी विचारायलाच हवा असा प्रश्न आहे.

बदल: काळ आकसणं, दोन माणसांचं एक करणं, न घडलेली भेट घडवणं, एखाद्याचा हेतू बदलणं. खरा वाद इथेच घाला. पण आधी साधनाचं वय बघा. संभाजी महाराजांना ११ मार्च १६८९ रोजी मारलं गेलं. त्यांची वाईट प्रतिमा ज्या लिखाणांतून पसरली त्यांतली मल्हार रामराव चिटणिसांची बखर एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीची, म्हणजे सव्वाशे वर्षांनंतरची आहे. ‘बखरीत असं आहे’ हे वाक्य त्यामुळे अर्धंच. कोणती बखर, घटनेनंतर किती वर्षांनी, कोणाच्या पदरी राहून लिहिलेली, हे जोडलं की पूर्ण होतं.

सावधान, विशेषतः आपल्यासाठी: १७६३ मध्ये निजामाच्या फौजेबरोबर जानोजी भोसलेही होते आणि पुणं लुटलं, जाळलं गेलं. पुण्याच्या नजरेनं ही दगाबाजी, नागपूरच्या नजरेनं त्यामागे हक्काचा जुना झगडा. मालिका पहिली बाजू घेते तेव्हा आपल्याला राग येतो. राग येऊ द्या, पण पानात लिहिताना दोन्ही बाजू एकेका वाक्यात मांडा आणि मगच मालिकेनं कोणती निवडली ते सांगा.

उलट दिशेनंही तपासा. पोळ्याच्या पाडव्याला नागपुरात मिरवत निघणाऱ्या काळ्या मारबतीच्या पुतळ्याशी लोक बाकाबाईंचं, म्हणजे इंग्रजांना सामील झाल्याचा ठपका बसलेल्या भोसल्यांच्या राणीचं, नाव जोडतात. ‘घेऊन जा गे मारबत’ ऐकत वाढलेल्या माणसाच्या मनात त्या राणीबद्दलचा निकाल लहानपणीच लागलेला असतो. उद्या कुणी त्यांच्यावर मालिका केली आणि त्यांना माणूस म्हणून दाखवलं, तर आपण ‘विपर्यास’ म्हणू का? पाहण्याआधी आपल्याला कोण आवडतं आणि कोण नाही ते वहीच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. शेवटी ते बदललं का बघा. बदललं असेल तर तीच तुमच्या पानाची पहिली ओळ.

## ८. लिहायचा क्रम

पान चारशे-पाचशे शब्दांचं. क्रम असा ठेवा.

पहिला परिच्छेद: निवडलेला प्रसंग आणि त्यावरून निघालेलं मत. मत दुसऱ्या परिच्छेदावर ढकलू नका.

मग कथा, फक्त पाच ओळी. पुढे काय होतं हे फोडणार असाल तर आधी तसं सांगा. ‘इतिहासात सगळ्यांना माहीतच आहे’ ही सबब नको. कुणाला माहीत असतं, कुणाला नसतं.

मग दुसरा एखादा प्रसंग, जो तुमच्या मताला पुष्टी देतो. आणि मग असा एक प्रसंग जो तुमच्या मताच्या विरुद्ध जातो. हा भाग टाळला की पान पोकळ होतं. मालिका आवडली नसेल तर तिच्यातला सर्वांत चांगला प्रसंग इथे मोकळ्या मनानं लिहा.

अभिनयाबद्दल लिहिताना नट आणि ऐतिहासिक माणूस यांची गल्लत नको. ‘औरंगजेब फारच क्रूर वाटला’ हे नटाचं कौतुक आहे, लेखकाबद्दलचं मत आहे की इतिहासाबद्दलचं? तिन्ही वेगळी करा.

शेवटी कात्री. अप्रतिम, दमदार, नेत्रदीपक, अंगावर काटा, कसदार, हे शब्द पानात शोधा. प्रत्येकाच्या जागी वहीतली एक नोंद ठेवा. नोंद सापडत नसेल तर शब्द काढून टाका, वाक्य तसंही उभं राहतं.

## ९. दोन दिवसांनी

पान दोन दिवस बाजूला ठेवा. मग मोठ्यानं वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. तारखा काळाच्या कागदाशी पुन्हा ताडून बघा. माझ्या अनुभवात साल बरोबर असतं, पण वय चुकतं.

नंतर मालिका न पाहिलेल्या एखाद्याला ते वाचून दाखवा. आमच्याकडे हे काम सासूबाई करतात. त्यांना वाचून झाल्यावर मी एवढंच विचारते: ‘आई, तो प्रसंग मला सांगा.’ मागच्या वेळी त्यांनी वर्तमानपत्राच्या इस्त्रीचं सगळं सांगितलं, आणि वर विचारलं, ‘मग त्या पोरीचे हात कोणी पाहिले का?’ तो प्रश्न मी पानात घातला आणि मगच पान बैठकीत वाचलं.